बाज म्हणजे कोंबडी नव्हे

आमच्या मामांचा पोल्ट्रीचा धंदा. शिकारी पक्ष्यांचीही बंदिस्त जागेत पैदास करतात, असं मी एकदा बोलता बोलता सांगितलं, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, “वर्षाला अंडी किती पडतात?” लेअर कोंबडी तीनशेच्या घरात जाते. बाज मोठा पक्षी, खाणं महाग, म्हणून सूट देऊन त्यांनी पन्नासाचा अंदाज केला. खरा आकडा तीन-चार. तोही सगळं जमून आलं तर.

चूक मामांची नाही. अंडं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोंबडीच येते, आणि लेअर कोंबडी हा माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेला अपवाद आहे. तिची रानातली पूर्वज, रानकोंबडी, एका विणीत पाच-सहा अंडी घालून रवणाला बसते. बहिरी ससाण्याची मादी वर्षातून एकदा, साधारण दोन-दोन दिवसांच्या अंतराने, तीन-चार अंडी घालते आणि ती महिन्याहून थोडा जास्त काळ उबवते. बाजाचं गणितही जवळपास तेच. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. कॅलिफोर्नियाचा काँडोर तर पिल्लू वाढवण्यात इतका गुंततो की बहुधा दोन वर्षांतून एकदाच विणीला लागतो. हॅरिस हॉक हा अमेरिकेच्या वाळवंटी भागातला पक्षी तेवढा वेगळा. भक्ष्य मुबलक असेल तर तो वर्षात दोनदा, क्वचित तीनदाही वीण करतो.

खुराक वाढवला की अंडी वाढतात, हा हिशेबही इथे चालत नाही. मादी उपाशी असेल तर अंडी देणार नाही हे खरं, पण पोट भरलेलं आहे म्हणून ती वर्षभर देत बसत नाही. थंड प्रदेशातल्या पक्ष्यांना दिवस मोठा होऊ लागला की विणीची चाहूल लागते. म्हणून पैदास करणारे काही जण पिंजऱ्यात दिवे लावून दिवस लांबवतात. पण त्याने हंगाम थोडा पुढेमागे होतो, बारमाही होत नाही.

आता सगळ्यात पक्का गैरसमज: घरट्यातलं अंडं माणसाने उचललं की त्या वर्षाची वीण बुडाली. प्रत्यक्षात बहिरी ससाण्याची पहिली सगळी अंडी उबवणीच्या सुरुवातीला काढून घेतली, तर मादी बहुतेकदा दोनेक आठवड्यांत दुसऱ्यांदा अंडी घालते. रानात साप-कावळ्यांनी घरटं लुटलं तर हंगाम वाया जाऊ नये, म्हणून निसर्गानेच ही सोय ठेवली आहे. माणसाने तिचा फायदा घेतला. पहिली अंडी इनक्युबेटरमध्ये, दुसरी आईच्या पोटाखाली. तीन-चारांचे सहा-सात होतात ते असे.

हीच युक्ती बहिरी ससाणा वाचवायला कामी आली. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्याच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ होत होती की आई बसली की अंडी फुटायची. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली हे दाखवून दिलं. तोवर अमेरिकेच्या पूर्व भागातून बहिरी ससाणा नाहीसाच झाला होता. १९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले टॉम केड यांनी पेरेग्रिन फंड सुरू केला, आणि १९७३ मध्ये त्यांच्या ‘हॉक बार्न’मध्ये वीस पिल्लं वाढली. पुढे या संस्थेने चार हजारांहून अधिक ससाणे रानात सोडले. ऑगस्ट १९९९ मध्ये हा पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. मॉरिशसच्या छोट्या ससाण्याचे तर १९७४ मध्ये रानात चारच पक्षी माहीत होते. तिथे कार्ल जोन्स यांनी रानातल्या घरट्यांतली अंडी उचलून यंत्रात उबवली, आणि घरट्यातल्या माद्यांनी पुन्हा अंडी घातली.

हीच युक्ती हरयाणातल्या पिंजोरच्या पैदास केंद्रात गिधाडांसाठी वापरली गेली. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आणि हरयाणा वन विभाग मिळून हे केंद्र चालवतात. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं संपत आली, तेव्हा वर्षाला एक अंडं देणाऱ्या पक्ष्याची संख्या वाढवायची कशी, हा प्रश्नच होता. पहिलं अंडं काढून घ्यायचं आणि दुसऱ्याची वाट पाहायची, हे त्याचं एक उत्तर. २०२४ च्या सुरुवातीला ताडोबा आणि पेंचमध्ये जी गिधाडं आणली गेली, ती पिंजोरचीच.

पण ही युक्ती ताणता येत नाही. कवचाचं बरंचसं कॅल्शियम मादी स्वतःच्या हाडांतून काढते. ज्याला पिल्लांपेक्षा आकड्यांची हौस, त्याच्या हाती शेवटी थकलेली मादी राहते.

“नर-मादी एका पिंजऱ्यात सोडले की झालं,” असं म्हणणाऱ्याने बाजांची जोडी पाहिलेली नसते. बहुतेक शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी. आपल्याकडच्या जुन्या बाजदारांच्या बोलीत ‘बाज’ म्हणजे मादीच, छोट्या नराला ‘जुर्रा’ म्हणत. आपण मात्र मराठीत ‘तो बाज’ म्हणून मोकळे होतो. मादीचं मन नसताना जुर्रा तिच्यासमोर आला, तर ती त्याला ठारही करते. म्हणून जाणकार मधे गजांची भिंत ठेवतात. मादी नराकडे पाहून बोलावू लागली, वाकू लागली, की मगच दार उघडायचं. आणि हे सगळं पक्षी दोन-तीन वर्षांचे झाल्यावर. गिधाडाला तर पाचेक वर्षं लागतात.

त्यातून अंडं पडलं म्हणजे पिल्लू आलं, असंही नाही. एकटी मादीसुद्धा अंडी घालते, पण ती पोकळ, म्हणजे फलित न झालेली. लहानपणापासून माणसाच्या हाती वाढलेला पक्षी माणसालाच जोडीदार समजतो, तेव्हा तर गंमतच होते. अशा नरासाठी खास टोपी असते, मधाच्या पोळ्यासारखे खळगे असलेली. ती डोक्यावर घालून माणूस मान खाली करून बसतो, ससाणा टोपीवर उतरतो, आणि खळग्यात जमलेलं वीर्य घेऊन मादीला कृत्रिम रेतन केलं जातं. गंभीर चेहऱ्याने करायचं काम आहे हे. बाकी पोकळ अंड्याच्या नियमालाही निसर्गाने एकदा चकवा दिला आहे. नराच्या बीजाविनाच दोन काँडोर पिल्लं जन्मली होती, असं सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये जनुकीय तपासणीवरून दाखवलं.

मामांचा दुसरा प्रश्न मी ओळखूनच होतो. नाही, आपल्याकडे हा धंदा होऊ शकत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिक्रा, बाज, ससाणा यांना पकडणं, पाळणं, विकणं बंद आहे. घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं, तरी ते वन विभागाकडेच द्यायचं.

मग मी त्यांना यंत्रातल्या अंड्याचं सांगितलं. पहिला आठवडाभर ते शक्यतो आईखालीच ठेवतात, मग साडेसदतीस अंशांच्या यंत्रात. रोज तराजूवर ठेवतात, कारण उबवणीच्या काळात अंड्याचं वजन साधारण पंधरा टक्क्यांनी उतरावं लागतं. कमी उतरलं तर यंत्रातली हवा कोरडी करायची, जास्त उतरलं तर दमट. शेवटी आतून टकटक होते, कवचाला बारीक चीर जाते, आणि मग दोनेक दिवस काहीच घडत नाही. पिल्लू आत पडून असतं. कवचाच्या आतल्या शिरांमधलं रक्त त्याच्या अंगात आणि बलक पोटात जायचा असतो. नवखा माणूस इथेच घाबरतो, नखाने कवच सोलतो, आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं.

मामा पहिल्यांदा मान डोलावून हसले. “ते आम्हाला माहीत आहे,” ते म्हणाले. “चीर गेली की मी पोरांना शेडच्या बाहेर काढतो.”