चुंबक, वेटोळे आणि दुखरा पाय

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना म्हणतात. हातापायांच्या अशा वेदनेवर ‘विद्युतचुंबकीय क्षेत्राचा उपचार’ या एकाच नावाखाली आज जे काही विकले किंवा दिले जाते, त्यात वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: गादीत, पट्ट्यात किंवा पादत्राणात बसवलेले साधे चुंबक, दुखऱ्या अवयवाभोवती ठेवलेले विजेचे वेटोळे, आणि डोक्यावर धरलेले त्याहून कितीतरी शक्तिशाली वेटोळे. यांतल्या एकीचा दाखला देऊन दुसरी खपवण्याची रीत रूढ असल्यामुळे तिन्ही आधी वेगळ्या करणे भाग आहे.

साध्या चुंबकाचा निकाल लवकर लागतो. रक्तात लोह असते, म्हणून चुंबक रक्ताला ओढून दुखऱ्या जागेचे रक्ताभिसरण वाढवतो, असे विक्रेते सांगतात. परंतु हिमोग्लोबिनमधले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे वागत नाही, आणि ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तर चुंबकापासून किंचित दूरच ढकलले जाते, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरियेल यांनी 1936 मध्येच दाखवून दिले होते. एमआरआय यंत्रात रुग्ण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून हजारो पटींनी तीव्र, म्हणजे 1.5 किंवा 3 टेस्लाच्या क्षेत्रात पडून राहतो आणि आपली गुडघेदुखी जशीच्या तशी घेऊन बाहेर येतो, एवढे उदाहरणही पुरेसे ठरावे. तरीही टाचदुखीच्या 101 रुग्णांवर अमेरिकेत रीतसर चाचणी झाली, आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत चुंबक असलेल्या व नसलेल्या सोलांमध्ये काहीही फरक आढळला नाही.

वेटोळ्याची गोष्ट निराळी आहे, कारण तिच्यामागे खरे भौतिकशास्त्र आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये सिद्ध केले होते. वेटोळ्यातून विजेचे ठोके सोडले की आतल्या ऊतींमध्येही, त्वचेला न छेदता, अत्यंत क्षीण प्रवाह उमटतात. याला स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्र म्हणतात. वाळलेल्या हाडावर दाब दिला असता त्यात विद्युतभार उत्पन्न होतो, असे जपानमधील एइइची फुकादा व इवाओ यासुदा यांनी 1957 मध्ये दाखवल्यावर, विजेनेच हाड सांधता येईल काय, असा प्रश्न उभा राहिला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अँड्र्यू बॅसेट यांनी त्यासाठी वेटोळी वापरली, आणि न जुळणाऱ्या अस्थिभंगांवरील या उपचाराला 1979 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

यानंतर इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले, ते या सर्व इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण म्हणावे लागेल. वर्षभर न जुळलेल्या नडगीच्या हाडाच्या 16 रुग्णांपैकी काहींना त्यांनी चालू यंत्र दिले, काहींना हुबेहूब दिसणारे पण निष्क्रिय यंत्र दिले, आणि कोणाकडे कोणते आहे हे रुग्णांनाही कळू दिले नाही व डॉक्टरांनाही. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चालू यंत्राच्या नऊपैकी पाच जणांचे हाड जुळले होते, तर बंद यंत्राच्या सातपैकी पाच जणांचे. सोळा ही संख्या अंतिम निवाड्यासाठी थोडी आहे. पण उपचारादरम्यान पाय प्लास्टरमध्ये स्थिर ठेवणे आणि त्यावर भार न देणे, हे दोन्ही गटांत समान होते, आणि गुण बहुधा त्याचाच होता.

वेदनेच्या बाबतीत तर अशी तुलना अधिकच आवश्यक ठरते. जुनी वेदना भरती-ओहोटीसारखी कमीजास्त होते आणि माणूस उपचाराकडे वळतो तो ती भरात असताना, त्यामुळे पुढची ओहोटी यंत्राच्या खात्यावर जमा होते. सांध्यांच्या, मुख्यतः गुडघ्याच्या, झिजेवर अशा उपचाराच्या 636 रुग्णांवरील चाचण्या तपासणाऱ्या, कॉक्रन या वैद्यकीय आढावा-संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात, शंभर गुणांच्या वेदनामापनावर खोट्या उपचाराच्या तुलनेत सुमारे पंधरा गुणांचा उतार दिसला, मात्र चालण्या-उठण्याच्या क्षमतेत स्पष्ट सुधारणा दिसली नाही. मधुमेहामुळे पायांच्या नसा खराब होऊन होणाऱ्या आगीवर तर 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 225 रुग्णांच्या चाचणीत वेटोळे वेदना कमी करण्यात निष्प्रभ ठरले. फिजिओथेरपी केंद्रातली शॉर्टवेव्ह डायथर्मी यात धरू नये; तीही विद्युतचुंबकीय असली तरी तिचे काम मुख्यतः शेकाचे आहे.

योगायोग असा की, पायावरच्या वेटोळ्याविषयी संशय निर्माण करणाऱ्या त्याच बार्कर यांनी 1985 मध्ये दुसरे, फार शक्तिशाली वेटोळे डोक्यावर धरून माणसाचा हात हलवून दाखवला. कवटीपार चुंबकीय उद्दीपन असे या पद्धतीचे नाव. दुखऱ्या अवयवाच्या विरुद्ध बाजूच्या मेंदूतील, हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या पट्ट्यावर, म्हणजे मोटर कॉर्टेक्सवर, जलद ठोके दिले असता नसांच्या बिघाडातून उद्भवणारी वेदना कमी होते, असा निष्कर्ष युरोपीय तज्ज्ञगटाने 2014 मध्ये काढला आणि 2020 मध्ये कायम ठेवला. हा परिणाम सर्वांना मिळत नाही, सरासरीने तो मोठाही नाही, आणि टिकवण्यासाठी उपचार पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. तरीही अवयवाच्या दुखण्याचा मार्ग अवयवापेक्षा मेंदूतून अधिक जातो, हे त्यातून दिसते. झिजलेल्या सांध्याला मात्र हा दाखला लागू होत नाही, आणि चुंबकाच्या गादीला तर मुळीच नाही.

पेसमेकर किंवा कानातील कॉक्लिअर रोपण असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, डॉक्टरांच्या परवानगीवाचून अशी यंत्रे वापरू नयेत. आणि फेफऱ्याचा त्रास असलेल्यांनी डोक्यावरच्या उपचारापूर्वी तो आवर्जून सांगावा. ज्यांना गुडघ्यासाठी वेटोळ्याचा प्रयोग करून पाहायचाच असेल, त्यांनी यंत्र विकत घेण्यापूर्वी काही दिवस भाड्याने घ्यावे, रोजची वेदना शून्य ते दहा अशी वहीत नोंदवावी, आणि व्यायाम व वजन यांकडे त्या काळातही दुर्लक्ष करू नये.