म्हाताऱ्या मोटारीस मद्यार्काचा खुराक

आमच्या घरांत मद्याचा थेंब कधीं आला नाहीं. परंतु गिरगांवांत चाळीखालीं उभ्या असणाऱ्या आमच्या जुन्या पद्मिनी मोटारीनें मात्र उतारवयांत हें व्रत मोडलें! दोष तिचा नव्हे. पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याचे प्रयोग २००१ सालीं मिरज व मनमाड येथें झाले. २००३ मध्यें महाराष्ट्रासह नऊ राज्यांत शेंकडा ५ हें प्रमाण ठरलें, आणि २०२५ सालीं तें शेंकडा २० वर पोंचलें. ऊस, मका, तांदूळ यांपासून हा मद्यार्क निघतो.

गेल्या पावसाळ्यांत वाळकेश्वरच्या चढावर गाडी धापा टाकूं लागली. एका कारागिरानें कार्ब्युरेटरांत मोठा जेट घातला. धाप थांबली, पण बॉनेटखालीं पेट्रोलचा वास येऊं लागला. सौभाग्यवतींनीं तीनदां सांगितलें; आम्हीं तो नाकाचा भ्रम ठरविला. अखेर परळच्या एका वृद्ध मिस्त्र्यांनीं एक रबरी नळी बोटांत चेपून दाखविली. ती फुगून मऊ पडली होती व तिच्यांतून पेट्रोल तापलेल्या इंजिनाशेजारीं ठिबकत होतें. "मास्तर, जेट मागाहून. आधीं नळ्या बघायच्या!" ते म्हणाले. आम्हांस घाम फुटला. त्याच गाडींतून आम्हीं नातवंडांना चौपाटीवर नेत होतों.

मद्यार्कानें जुनें रबर सुजतें. म्हणून नळ्या, पेट्रोलपंपाचा पडदा आणि गास्केटें तो सोसणाऱ्या रबराचीं घालावीं लागलीं. टांकींतला वर्षानुवर्षांचा गाळही मद्यार्क सोडवितो. तेव्हां टांकी धुतली, आणि फिल्टर महिन्यांत दोनदां बदलला. शिवाय मद्यार्क पाणी शोषतो. पाणी फार झालें कीं दोघे मिळून तळाशीं वेगळे बसतात. यास्तव पावसाळ्यांत गाडी महिनोन्महिने उभी ठेवूं नये, टांकीचें झांकण घट्ट असावें.

मग जेट. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते, मद्यार्कास ९ च पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेस इंधन अधिक हवें. न मिळालें तर इंजिन तापतें, अडखळतें. नव्या गाड्यांतील संगणक धुरांतला प्राणवायु पाहून हें आपोआप साधतो; कार्ब्युरेटरास ती बुद्धि नाहीं. मिस्त्र्यांनीं तीन जेट घालून पाहिले, तेव्हां एक मानवला.

आतां गाडी वाळकेश्वर विनातक्रार चढते. पेट्रोल मात्र पूर्वीपेक्षां अधिक पिते, आणि तें कोणीं भरावयाचें याविषयीं चिरंजीवांशीं आमचा वाद चालूं आहे.