काळी सुरई आणि कल्हईचा धूर

छत्रपती संभाजीनगरात हिमरू आणि पैठणीच्या दुकानांत काळ्याभोर सुरया, डब्या मांडलेल्या दिसतात. काळ्यावर चांदीची बारीक वेलबुट्टी. ही बिदरी. कला मूळची बिदरची. १९५६ पर्यंत दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. भांडे असते जस्ताचे, त्यात थोडे तांबे. घडवताना ते राखाडीच दिसते. मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर कालवून लेप देतात. वरचे जस्त झिजते, मागे उरलेले तांबे काळे पडते, चांदीला मात्र काही होत नाही.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. मराठवाड्यात हे नाव काढले की आधी हातभट्टी आठवते, पण त्याची खरी ओळख कल्हईवाल्याला. तापल्या पातेल्यात तो चिमूटभर पूड टाकतो आणि नाकाला झोंबणारा पांढरा लोट उठतो. उष्णतेने नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड हे दोन वायू होतात. दुसरा वायू तांब्यावरचा ऑक्साईडचा थर खातो आणि उघड्या धातूला कथील धरते. उरलेले वायू हवेत गार होऊन पुन्हा जुळतात. तो धूर म्हणजे परत जमलेला नवसागरच!

शाळेत हेच ‘संप्लवन’ म्हणून दाखवतात: मीठ आणि नवसागराचे मिश्रण तापवायचे, वर नरसाळे पालथे घालायचे. मला हा शब्द इथे थोडा फसवा वाटतो. कापूर न फुटता उडतो, नवसागर फुटून उडतो. परीक्षानळीत त्यावर काचलोकरीचा बोळा बसवून नळी तापवा आणि तोंडाशी ओला तांबडा लिटमस धरा. तो आधी निळा होतो. अमोनियाचा रेणुभार १७, दुसऱ्याचा ३६.५, म्हणून हलका वायू पुढे पळतो.

बी.एस्सी.च्या क्षार-परीक्षणात तिसऱ्या गटासाठी अमोनियाच्या द्रावणाआधी नवसागर घालावाच लागतो. त्याचे अमोनियम आयन हायड्रॉक्साईडला आवर घालतात. लोह, अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम तळाशी बसतात. जस्त, मँगनीज, मॅग्नेशियम द्रावणात राहतात. तो घालायला विसरलेल्याच्या नळीत मॅग्नेशियमही खाली येऊ शकते, आणि पुढची सगळी वही चुकते.

पाण्यात विरघळतानाही स्फटिक फुटतो, पण त्यासाठी लागणारी उष्णता तो पाण्यातूनच ओढतो. मे महिन्यात प्रयोगशाळेतले पंखे गरम वारा फेकत असतात, तेव्हा ढवळलेले चंचुपात्र हाताला गार लागते.