अर्धी कवळी कशाची घ्यावी? अ‍ॅक्रिलिक, ‘फ्लेक्सिबल’ की धातूची?

आईच्या दोन-तीन दाढा काढल्या की काही आठवड्यांनी डॉक्टर विचारतात, ‘कवळी कशाची बनवू?’ बहुतेक घरांत उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं: खर्च किती आणि तार दिसेल का? तिसरा प्रश्न मात्र राहून जातो. चावताना येणारा भार कोण उचलणार, उरलेले दात की हिरडी?

दात हाडात रुजलेला असतो, म्हणून तो जोर सहन करतो. हिरडी मऊ असते. तिच्यावर वर्षानुवर्षं दाब पडला तर खालचं हाड झिजतं, कवळी सैल होते आणि शेजारच्या चांगल्या दातांनाही त्रास होतो.

अ‍ॅक्रिलिक: स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं

1930च्या दशकापासून कवळीसाठी वापरलं जाणारं हे गुलाबी प्लास्टिक. पुढे आणखी एखादा दात पडला, तर याच कवळीत तो जोडता येतो. म्हणूनच दात काढल्यानंतरच्या काळात किंवा उरलेले दातही फार टिकणार नसतील, तेव्हा हा पर्याय सोयीचा ठरतो. पण मजबुतीसाठी ती साधारण 2 मिलिमीटर जाड ठेवावी लागते, त्यामुळे सुरुवातीला तोंड भरल्यासारखं वाटतं. धुताना बेसिनमध्ये पडली तर ती तुटू शकते. तिचा बहुतेक भार हिरडीवरच येतो.

फ्लेक्सिबल: दिसायला छान, पण...

ही नायलॉनसारख्या लवचीक प्लास्टिकची असते. धातूची तार नसते, पकडही हिरडीच्याच रंगाची असते. पुढचे एक-दोन दात नसतील किंवा धातूची अ‍ॅलर्जी असेल, तर उपयोगी. अडचण अशी की, जो लवचीकपणा तिचं वैशिष्ट्य सांगितला जातो, त्यामुळेच चावताना ती वाकते आणि जोर हिरडीवर जातो. तिची दुरुस्ती करणं किंवा तिच्यात नवा दात जोडणंही अवघड असतं.

धातूची: पातळ आणि भक्कम

ही बहुधा कोबाल्ट-क्रोमियमची असते. सांगाडा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असला तरी पुरतो. त्याचे छोटे टेकू शेजारच्या दातांवर बसतात, त्यामुळे भार दातांकडे जातो. धातूतून उष्णता पोहोचत असल्यानं चहाचा गरमपणाही टाळूला जाणवतो. मात्र खर्च जास्त, पकड कधीकधी दिसते आणि आधाराचे दात मजबूत असावे लागतात. शेवटची दाढच नसेल तर हिरडीचा थोडा आधार हिलाही घ्यावा लागतो.

मग ठरवायचं कसं?

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा:

- उरलेले दात किती वर्षं टिकतील?
- भार दातांवर येणार की हिरडीवर?
- पुढे दात पडला तर याच कवळीत जोडता येईल का?
- सैल झाली तर पुन्हा घट्ट करता येईल का?

उरलेले दात हलत असतील तर महागडी कवळी घेण्याची घाई नको. दात भक्कम असतील आणि कवळी बरीच वर्षं वापरायची असेल, तर परवडत असल्यास धातूच्या कवळीचा विचार आधी करा.

कोणतीही घेतली तरी...

रात्री काढून ठेवा, मऊ ब्रशनं धुवा, उकळतं पाणी वापरू नका. कवळीखाली अन्न अडकून राहिलं तर आधाराचे दात किडतात. आणि ते गेले, तर कवळी कितीही महागाची असली तरी टेकणार कशावर?