पंचमाशेजारची घरघर

कोरमंगलातल्या एका गजबजलेल्या चौकाला सगळं बेंगळुरू सोनी वर्ल्ड सिग्नल म्हणतं. तिथल्या सोनीच्या शोरूमवरून पडलेलं नाव. या चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर माझा मामा राहतो. मूळचा बेळगावचा, ऐंशीच्या दशकात नोकरीसाठी इथे आला आणि इथलाच झाला. रिटायर झाल्यापासून त्याच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर आणि कुणाकुणाची उघडलेली यंत्रं यांनी व्यापलेला असतो. उरलेल्या अर्ध्यावर मामी पानं मांडते. ओळखीतल्यांचे ॲम्प्लिफायर, जुने सीडी प्लेयर आणि अलीकडे मुख्यतः डॅक त्याच्याकडे येतात. पैसे घेत नाही. सल्ला मात्र न मागता देतो.

डॅक म्हणजे आकड्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारं यंत्र. सीडी असो की स्ट्रीमिंग, गाणं साठवलेलं असतं ते आकड्यांत: सीडीवर दर सेकंदाला 44,100 आकडे, डाव्या कानासाठी वेगळे, उजव्यासाठी वेगळे. हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपमधून. डिजिटल ध्वनी साठवायला तेव्हा सोयीचं यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर, आणि चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन आकडे बसवले, तर 245 ओळी, सेकंदाला 60 वेळा, असा गुणाकार बरोबर 44,100 होतो. सोनी आणि फिलिप्स यांनी तोच सीडीसाठी कायम केला. फिलिप्सकडे तेव्हा तयार चिप होती 14 बिटांची, आणि सोनी 16 वर अडून बसली. 1982 मध्ये प्लेयर बाजारात आले तेव्हा फिलिप्सने तीच 14 बिटांची चिप चौपट वेगाने चालवून 16 बिटांचं काम काढून घेतलं. मामाला हा किस्सा फार प्रिय आहे. चिपच्या नावावर यंत्राची लायकी ठरवणाऱ्यांना तो हाच ऐकवतो.

डॅक पूर्वी सीडी प्लेयरच्या पोटात असायचा, त्याला वेगळं नाव घेऊन कुणी विकत आणत नसे. आता गाणी लॅपटॉपवरून येतात म्हणून तो स्वतंत्र डबी होऊन बाहेर आला, आणि बाहेर आल्याबरोबर लोकांना तो सुधारावासा वाटू लागला.

सहाव्या ब्लॉकमधला एक मुलगा, नागपूरचा, एका स्टार्टअपमध्ये कामाला, असाच डॅक घेऊन आला. आवाज "कोरडा" वाटतो अशी तक्रार. नेटवर वाचून त्याने नवा ऑपॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी छोटी चिप, हीही मागवून ठेवली होती.

"काका, एवढा बदलून द्या ना. सॉकेटवरच आहे."

"देतो की. पण आधी तुझ्या घरी ऐकू. लॅपटॉप चार्जरला लावून ऐकतोस की बॅटरीवर?"

त्याला प्रश्नच कळला नाही. संध्याकाळी आम्ही त्याच्या फ्लॅटवर गेलो. मामाने खांद्याच्या झोळीत मल्टीमीटर टाकला आणि माझ्या हातात त्याचा जुना फिलिप्सचा सीडी प्लेयर दिला. का, ते सांगितलं नाही.

मांडणी साधी होती. लॅपटॉपमधून यूएसबीने डॅक, डॅकमधून दोन आरसीए वायरी ॲम्प्लिफायरला, तिथून शेल्फवर मावणारे दोन स्पीकर. मामाने गाणं लावायच्या ऐवजी थांबवलं, आवाजाचं बटण नेहमीच्या जागी ठेवलं आणि स्पीकरला कान लावला. मीही लावला. आत बारीक घर्रर्र चालू होतं. मामाने लॅपटॉपचा चार्जर उपटला. घरघर बंद. पुन्हा लावला, पुन्हा चालू. मुलगा नुसता बघत राहिला; इतके महिने ती घरघर त्याने गाण्याचाच भाग धरली होती.

कारण समजायला सोपं आहे. लॅपटॉपच्या तीन पिनी चार्जरमधून अर्थिंग येतं, ते यूएसबीच्या जाळीतून डॅकपर्यंत आणि आरसीए वायरीच्या जाळीतून ॲम्प्लिफायरच्या पत्र्यापर्यंत पोचतं. ॲम्प्लिफायरला त्याच्या प्लगमधून स्वतःचं अर्थिंग आहेच. एक सॉकेट टेबलाशी, दुसरं टीव्हीच्या भिंतीत. "अर्थला जायला दोन वाटा दिल्यास की करंट त्या दोघींत फिरत बसतो," मामा म्हणाला. फिरतो तो आरसीएच्या जाळीतून, आणि गाण्याचा सिग्नलही तीच जाळी आधाराला धरून मोजला जातो. जाळीचा रोध एक दशांश ओहम आणि करंट दहा मिलिअँपियर धरला, तरी एक मिलिव्होल्ट होतो. पूर्ण सिग्नल दोन व्होल्टचा. म्हणजे घरघर 66 डेसिबल खाली. चांगल्या डॅकचा स्वतःचा गोंगाट 110 डेसिबलपेक्षाही खाली असतो. ज्या यंत्रासाठी एवढे पैसे मोजले, त्याची निम्मी कमाई भिंतीतल्या सॉकेटने खाल्ली.

आपल्या संगीताला ही घरघर जास्त बोचते. वीज 50 हर्ट्झची, पण लहान स्पीकर 50 हर्ट्झ नीट वाजवतच नाहीत. कानावर येतात त्या तिच्या पटी, 100, 150 आणि वरच्या. आता काळी एकच्या गायकाचा षड्ज धरा, 138 हर्ट्झच्या थोडा वर. त्याच्या खालचा पंचम, म्हणजे तानपुऱ्याची पहिली तार, येते 104च्या आसपास. घरघरीतला 100चा सूर नेमका तिच्या शेजारी, तिच्याहून थोडा उतरलेला. आलापाच्या आधी नुसता तानपुरा झंकारत असतो तेव्हा हा पाहुणा स्पष्ट ऐकू येतो. पॉप गाण्यात तो ढोलाखाली दबून जातो, म्हणून अनेकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. डॅक तपासायला मामा तानपुरा वापरतो तो यासाठी. झांजा, काचेची किणकिण वगैरे प्रात्यक्षिकाच्या सीड्यांना त्याच्याकडे मान नाही.

उपाय क्रमाने झाले. आधी सगळे प्लग एकाच स्ट्रिपवर आणले. घरघर बरीच उतरली, गेली नाही. मुलाने विचारलं, चार्जरची अर्थची पिनच काढून टाकली तर? नेटवर असा सल्ला देणारे आहेत. मामा एरवी हसतो, पण यावर त्याचा चेहरा बदलला. अर्थिंग माणसाला शॉक बसू नये म्हणून असतं, त्याच्याशी खेळ नाही. मग त्याने झोळीतून यूएसबीचं ऑप्टिकल करणारी छोटी डबी आणि तिची प्लास्टिकची वायर काढली. ही जोडणी तोशिबाने 1983 मध्ये आणली, म्हणून तिला अजून टॉसलिंक म्हणतात. आतून जातो तो लाल उजेड. उजेडातून करंट जात नाही, त्यामुळे अर्थची दुसरी वाट तुटली. चार्जर लावलेला असूनही स्पीकर गप्प. यूएसबीचे आयसोलेटर मिळतात तेही हेच काम करतात, पण स्वस्तातले 12 मेगाबिटांपलीकडे जात नाहीत आणि बरेच नवे डॅक त्यांच्यावर लॅपटॉपला दिसतच नाहीत. ऑप्टिकल वायर एसपी रोडवर काही शे रुपयांत मिळते.

एसपी रोड म्हणजे सदर पत्रप्पा रोड, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखा बेंगळुरूचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. मामाची पंढरी तीच. तिथून आणलेला टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर वापरून त्याने स्वतःच्या डॅकसाठी लिनियर सप्लाय बनवला आहे, दिसायला देखणा. त्याने आवाज सुधारला का, असं मी विचारलं तर म्हणाला, "मीटरवर सुधारला. कानाला म्हणशील तर छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत." असं म्हणणारा हौशी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढचा अर्धा तास लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये गेला. मुलाचं बहुतेक संगीत 44.1 किलोहर्ट्झचं, पण लॅपटॉप सगळं 48वर नेऊन डॅककडे पाठवत होता. हे रूपांतर आता पूर्वीइतकं वाईट होत नाही, तरी विनाकारण कशाला, म्हणून ते बंद केलं. दुसरी गोष्ट मला नवी होती. हल्लीच्या गाण्यांत आवाज इतका ठासून भरलेला असतो की आकडे कमाल मर्यादेला टेकलेले असतात. दोन आकड्यांच्या मधली खरी लहर त्या मर्यादेच्याही वर जाते, आणि डॅकमधल्या फिल्टरला वर जागा नसेल तर ती तिथेच छाटली जाते. प्लेयरमध्येच आवाज तीन डेसिबल उतरवून ठेवला की ही छाटणी बहुतेक वेळा टळते. 24 बिटांच्या डॅकमध्ये तीन डेसिबल उतरवून काही हरवत नाही. 24 बिटांची सर्वांत लहान पायरी दोन व्होल्टच्या सिग्नलमध्ये साधारण एक तृतीयांश मायक्रोव्होल्ट येते, आणि एक किलोओहमचा साधा रेझिस्टर नुसत्या खोलीच्या उष्णतेने त्याहून जास्त गोंगाट करतो. 32 बिटांच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

"आता ऑपॅम्प?" मुलगा चिकाटीचा होता.

"आता सीडी प्लेयर आण इकडे."

हा प्लेयर ऐंशीच्या दशकातला, आत टीडीए1541 नावाची 16 बिटांची चिप, जिच्यासाठी जगभरचे शौकीन आजही जुने प्लेयर धुंडाळतात. मामाने त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदललेत, कारण हा भाग खरोखर म्हातारा होतो. आतला द्रव सुकत जातो. काहींची डोकी फुगून वर येतात, काही दिसायला ठणठणीत राहून आतून संपलेले असतात. तापमान दहा अंशांनी कमी तर आयुष्य दुप्पट, असा ढोबळ हिशेब. म्हणून ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर डॅक ठेवलेला मामाला खपत नाही.

प्लेयरचा स्वतःचा आवाज ॲम्प्लिफायरच्या एका इनपुटला दिला, त्याच प्लेयरमधले कच्चे आकडे मुलाच्या डॅककडे पाठवले आणि डॅक दुसऱ्या इनपुटला जोडला. तीच सीडी, तोच क्षण, बटण फिरवलं की जुनी चिप किंवा नवी. मुलाने फिरवून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. नवा डॅक उघडच चांगला होता. भरीव, जिवंत. मलाही तसंच वाटलं.

मामाने मल्टीमीटर काढला. 100 हर्ट्झचा एक सूर लावून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं. सूर मुद्दाम खालचा, कारण स्वस्त मीटर विजेच्या 50 हर्ट्झच्या आसपासच भरवशाचे असतात, हजार हर्ट्झवर काहीही सांगतात. नवा डॅक दहा टक्के जास्त व्होल्टेज देत होता: जुन्याचे दोन व्होल्ट, तर याचे 2.2. डेसिबलमध्ये तो फरक एकाहूनही कमी. एवढा फरक मोठा आवाज म्हणून कानाला कळत नाही. चांगला आवाज म्हणून कळतो. दुकानात एका यंत्रावरून दुसऱ्यावर उडी मारून तुलना करणाऱ्या प्रत्येकाची फसगत इथे होते, आणि विकणाऱ्यांना ते पुरतं ठाऊक असतं. मामाने डॅकच्या वायरीत दोन बारके प्रीसेट घातले आणि स्क्रूड्रायव्हरने मीटरचे आकडे जुळवले. मग मुलाला पाठ करून बसवलं. मी बटण फिरवायचं किंवा फिरवल्यासारखं करायचं, त्याने ओळखायचं. नाणं उडवून जितकं बरोबर यावं तितकंच त्याचं आलं. जागा बदलून मी बसलो तर माझंही वेगळं काही झालं नाही.

म्हणून सगळे डॅक सारखे असतात असं मी म्हणणार नाही. मुद्दाम फिल्टर न घातलेले डॅक मिळतात, ते 20 किलोहर्ट्झला तीनेक डेसिबल खाली उतरतात आणि तरुण कानाला मवाळ लागतात. वाईट बनवलेले डॅकही आहेत. पण नीट बनवलेल्या दोघांत जो फरक उरतो, तो खोलीतल्या गोंगाटाच्या खाली कुठेतरी असतो. जपानमधल्या असाही कासेईच्या चिपच्या कारखान्याला ऑक्टोबर 2020 मध्ये आग लागली आणि जगभरच्या कंपन्यांना डॅकसाठी दुसऱ्या चिपा घ्याव्या लागल्या. नामांकित यंत्रांचं काळीज बदललं, डबी तीच राहिली. त्यानंतर संगीत ऐकायचं कुणी सोडल्याचं ऐकिवात नाही.

त्या फ्लॅटमध्ये जे राहिलं होतं ते डॅकच्या पलीकडचं होतं. गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला भिंतभर काच, स्पीकर थेट कोपऱ्यात कोंबलेले. मामाने टाळी वाजवली आणि तिचा चरचरीत पडसाद आम्ही तिघांनी ऐकला. "कोरडा" आवाज म्हणत होता तो हाच. स्पीकर हातभर पुढे ओढले, बेडरूममधली सतरंजी आणून मध्ये पसरली, काचेवर पडदा ओढला. डोळे मिटून बसायची गरज पडली नाही. फरक स्वयंपाकघरातूनसुद्धा कळत होता.

निघताना मुलाने पुन्हा ऑपॅम्पची पुडी पुढे केली. डॅकमधला जुना एनई5532 होता, चाळीसहून जास्त वर्षं चालत आलेला. स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलमध्ये तो सर्रास असायचा, त्यामुळे आपण ऐकतो त्यातली कितीतरी गाणी त्याच्याच जातीच्या शेकडो ऑपॅम्पमधून गाळून आलेली आहेत. मामाने हे सगळं सांगितलं आणि तरीही नवा बसवून दिला.

"फरक पडेल ना काका?"

"पैसे दिलायस न्हवं? मग पडेल."

जुना त्याने स्वतःच्या डबीत टाकला. पुढच्या रविवारी एचएसआर लेआउटमधल्या कुणाचा तरी ॲम्प्लिफायर यायचा आहे, त्यात दोन गेलेत.