राउटरची दवंडी

संगणकांच्या एका जाळ्यांतील निरोप दुसऱ्या जाळ्यांत पोंचविणारें यंत्र म्हणजे राउटर. एका विशिष्ट पत्त्यावर आलेला निरोप त्या जाळ्यांतील सर्व यंत्रांना दवंडीसारखा ऐकविण्याची मुभा, १९९५ च्या नियमांप्रमाणें, त्याला मूळचीच असे. ‘स्मर्फ’ नांवाच्या हल्ल्यांत तिचा दुरुपयोग झाला. प्रेषक म्हणून भलत्याचाच पत्ता घालून दवंडी पिटावयाची, कीं शेंकडों उत्तरें त्या निरपराध्यावर कोसळत. सिस्कोच्या आयओएस प्रणालीच्या १२.० आवृत्तीनें ही मुभा काढून घेतली. १९९९ मध्यें नियमहि फिरला. गंमत अशी कीं, ज्याच्या आज्ञापत्रांत याविषयीं कांहींच लिहिलेलें नव्हतें, त्याच्या मौनाचा अर्थ काल होकार होता. आवृत्ति बदलतांच तो नकार झाला. निजलेले संगणक दुसऱ्या जाळ्यांतून दवंडीनें जागे करणाऱ्यांना मात्र आतां स्पष्ट आज्ञा लिहिणें भाग पडलें.