‘ध’चा ‘मा’ खरंच आनंदीबाईंनी केला? विंचूरच्या वाटेवरची अडीचशे वर्षं जुनी रहस्यकथा

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या दिशेनं निघालं की निफाड मागे पडतं आणि विंचूर येतं. आज हे गाव बहुतेकांना कांद्यामुळं, शेजारच्या लासलगावच्या बाजारामुळं नाहीतर वाइन पार्कमुळं माहीत असतं. पुण्यातल्या विंचूरकर वाड्याचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं, कारण तिथं टिळकांनी १८९४ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला होता. त्या वाड्याचे मालक, म्हणजे सरदार विंचूरकर, मूळचे जहागीरदार याच गावाचे.

पण या रस्त्याची आणखी एक ओळख आहे, जी फारशी सांगितली जात नाही. विंचूरच्या पश्चिमेला, नाशिकला लागून आनंदवल्ली आहे. पूर्वेला येवल्यात ‘विंचूर चौफुली’वरून दक्षिणेला वळलं की कोपरगाव लागतं. मराठी इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या खून प्रकरणात जिच्यावर कायमचा ठपका बसला, त्या बाईचं उतारवय या दोन गावांत गेलं. ती म्हणजे आनंदीबाई, राघोबादादा पेशव्यांची पत्नी.

तिचा गुन्हा कोणता, हे शाळेतलं पोरही सांगेल. तिनं ‘ध’चा ‘मा’ केला.

सध्या ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांना जगभर मोठा वाचक आहे. जुना काळ, बंद वाडा, आत अडकलेल्या बायका, एक खून आणि घरातल्या प्रत्येकाचं एकेक गुपित, असा त्यांचा ठरलेला मसाला. हा सगळा मसाला शनिवारवाड्यात तयार होता. फरक इतकाच, की रहस्यकथेत खुनी शेवटच्या प्रकरणात सापडतो. इथं तो पहिल्याच ओळीत ठरला आणि मग कुणी पुढचं पान उलटलंच नाही.

तर झालं असं होतं.

नोव्हेंबर १७७२ मध्ये थोरले माधवराव थेऊरला वारले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. काका राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते आणि आनंदीबाई त्यांच्यासोबत होत्या. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे शेवटचे दिवस. दुपारी गारदी म्हणजे वाड्याच्या पहाऱ्यावरचे भाडोत्री शिपाई थकलेला पगार मागत आत घुसले. पुढे होता सुमेरसिंग गारदी, सोबत महंमद युसुफ, खरगसिंग आणि राघोबादादांचा सेवक तुळाजी पवार. अठरा वर्षांचा नारायणराव जीव वाचवायला धावत काकांकडेच गेला आणि त्यांना मिठी मारली. चाफाजी टिळेकर नावाच्या सेवकानं त्याच्या अंगावर पडून त्याला झाकायचा प्रयत्न केला. दोघंही मारले गेले.

‘काका मला वाचवा’ ही हाक आजही वाड्यात ऐकू येते म्हणतात. त्यावर दर काही दिवसांनी एक नवा रील येतो. भुताचं राहू द्या, या प्रकरणातले जिवंत लोक जास्त विचित्र वागले आहेत.

उदाहरणार्थ हरिपंत फडके. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ सांगतो, की त्याच दिवशी सकाळी नारायणरावाला गारद्यांची कुणकुण लागली होती आणि त्यानं हरिपंतांना बंदोबस्त करायला सांगितलं होतं. हरिपंत एका स्नेह्याकडे जेवायला गेले आणि बंदोबस्त राहून गेला. रहस्यकथा लिहिणाऱ्यानं हा प्रसंग स्वतःच्या मनानं घातला असता, तर संपादकानं ‘फारच सोयीचं वाटतंय’ म्हणून खोडला असता.

खुनाचा तपास रामशास्त्री प्रभुणे यांनी केला. ते पेशव्यांचे न्यायाधीश होते आणि आता ज्याच्या हाताखाली काम करायचं, तोच मुख्य संशयित होता. तरीही त्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं, याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं.

म्हणजे न्यायाधीशाचा निकाल काकांविरुद्ध होता. मग लोकांच्या तोंडी नाव काकूचं कसं आलं?

कथा अशी आहे. राघोबादादांनी गारद्यांना लेखी हुकूम दिला, नारायणरावास ‘धरावे’. आनंदीबाईंनी त्यातला ‘ध’ खोडून ‘मा’ केला आणि हुकूम झाला ‘मारावे’. डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही गोष्ट येते. रामशास्त्रींना तो कागद मिळाला आणि त्यातला शब्द बदललेला दिसला, असं तो लिहितो. अक्षर कुणी बदललं याबद्दल मात्र तो लोकांची समजूत सांगतो, साक्षीदार देत नाही. तेव्हा खुनाला त्रेपन्न वर्षं झाली होती. आनंदीबाईंना जाऊनही तीस वर्षं उलटली होती.

तो कागद आज कुठंही नाही. पेशवे दफ्तरात कागदांचे अक्षरशः डोंगर आहेत, पण ज्या एका चिठ्ठीवर एका बाईची सगळी बदनामी उभी आहे, ती चिठ्ठी हाती लागलेली नाही. शिवाय ‘ध’चा ‘मा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाळबोध अक्षरं येतात. त्या काळी असा हुकूम मोडीत लिहिला जाई.

आता एखाद्या चांगल्या गुप्तहेराला इथं बसवा. तो आधी विचारेल, की या गोष्टीचा फायदा कुणाला?

हुकूम ‘धरावे’ असाच होता असं मानलं, की राघोबादादांचा गुन्हा एकदम हलका होतो. पुतण्याला कैद करून गादी घेणं हे राजकारण झालं. त्या काळात ते नवीन नव्हतं, खुद्द दादाही कैदेतच होते. खून मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी माथी जातो. आणि ‘मी फक्त धरायला सांगितलं होतं’ हा बचाव खुद्द राघोबादादांचाच होता. तेव्हा ‘ध’चा ‘मा’ ही गोष्ट आनंदीबाईंविरुद्धचा पुरावा वाटते खरी, पण तिचा सांगाडा पाहिला तर ती आरोपीचीच कैफियत आहे. बायकोचं नाव त्यात फक्त शेवटची खाच भरायला येतं.

याचा अर्थ आनंदीबाई निर्दोष होत्या असा नाही. त्या नवऱ्याच्या राजकारणात पुरत्या गुंतल्या होत्या, महत्त्वाकांक्षी होत्या आणि दादांना गादी मिळाली तर त्यांचाही फायदाच होता. संशय घ्यायला जागा आहे. पण संशय वेगळा आणि सिद्ध झालेला गुन्हा वेगळा. या दोहोंतली भिंत इतिहासानं नाही, नाटक-सिनेमानं पाडली.

कृ. प्र. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ १९०९ साली रंगभूमीवर आलं आणि कारस्थानी आनंदीबाई, दुबळे राघोबा, ताठ रामशास्त्री ही त्रयी महाराष्ट्राच्या मनात पक्की बसली. १९४४ साली प्रभात कंपनीनं ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला. त्यात आनंदीबाई झाल्या होत्या ललिता पवार, पुढे टीव्हीवरच्या ‘रामायण’मधल्या मंथरा म्हणून घराघरांत पोचलेल्या. योगायोग म्हणजे ललिताबाईंचा जन्म येवल्याचा. ज्या चौफुलीवरून आनंदीबाईंच्या कोपरगावाला वळायचं, तेच गाव. पेशवाईवरची सगळ्यात लोकप्रिय कादंबरी, रणजित देसाईंची ‘स्वामी’, या प्रकरणात पडतच नाही. ती माधवरावांच्या मृत्यूपाशी, म्हणजे खुनाच्या नऊ महिने आधीच थांबते.

खून आनंदीबाईंच्या नावावर जमा झाला, तशा त्याच वाड्यातल्या आणखी दोन बायका गोष्टीतून बाजूला पडल्या. खरं तर त्यांच्याकडेही स्वतंत्र कादंबरीइतका ऐवज आहे.

पहिली गंगाबाई, नारायणरावाची विधवा. नवरा मारला गेला तेव्हा ती गरोदर होती. तिच्या पोटातल्या बाळावर सगळं राज्य अडलं होतं. मुलगा झाला तर राघोबादादांची पेशवाई संपणार, मुलगी झाली तर नाना फडणीस आणि सखारामबापू बोकील यांचं बारभाईचं कारस्थान कोसळणार. १७७४ च्या जानेवारीत तिला पुरंदर किल्ल्यावर हलवण्यात आलं. सोबत आणखी काही गरोदर बायका ठेवल्या होत्या, मुलगी झालीच तर अदलाबदल करता यावी म्हणून, अशी कुजबूज तेव्हापासून आहे. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. गंगाबाई १७७७ मध्ये वारली. मुलगा तीन वर्षांचा होता. तिच्या मृत्यूबद्दलही विषापासून चारित्र्यापर्यंत सगळ्या वावड्या उठल्या. म्हणजे जी बाई खुनाची बळी, तिचीही सुटका झाली नाही.

दुसरी पार्वतीबाई, सदाशिवरावभाऊंची पत्नी. तीच गंगाबाईसोबत पुरंदरावर गेली होती. आणि तिच्या गोष्टीत विंचूर थेट येतं.

विंचूरकर घराण्याचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव दाणी हे पानिपतावर भाऊंच्या फौजेत होते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी ते आणि दमाजी गायकवाड, इब्राहिमखान गारदीच्या पलटणींना लागून लढत होते. संध्याकाळी जे मोजके सरदार जिवंत परतले त्यांत विठ्ठल शिवदेव होते. पार्वतीबाईही युद्धभूमीवरून सुखरूप आली. भाऊ आले नाहीत. दोन दिवसांनी सापडलेलं एक धड भाऊंचं म्हणून जाळण्यात आलं, पण पार्वतीबाईनं ते मानलं नाही. ती अखेरपर्यंत सौभाग्यवतीसारखी राहिली.

पुढं ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक माणूस उभा राहिला. माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली आणि त्याला किल्ल्यावर अडकवलं गेलं. तिथून सुटून त्यानं कोकणात मोठं बंड केलं, किल्लेही घेतले. शेवटी १७७६ मध्ये त्याला पकडून देहदंड दिला गेला. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर आहे. या सगळ्या काळात वाड्यात बसलेल्या पार्वतीबाईच्या मनात काय चाललं असेल? ‘हा तो नव्हे’ हे तिला कुणी आणि कसं पटवलं असेल? १७८३ मध्ये ती गेली. तिचं दुःख त्या नाटकांच्या गर्दीत कायम कडेला उभं आहे.

इंग्रजीत या प्रकारच्या मजकुराचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. जोसेफिन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ ही १९५१ ची कादंबरी. पाय मोडून इस्पितळात पडलेला एक पोलीस अधिकारी, तिसऱ्या रिचर्ड राजानं आपल्या दोन पुतण्यांना खरंच मारलं का, हे पलंगावर बसून जुने कागद वाचत तपासतो. काकानं पुतण्याला मारल्याचा आरोप, गाजलेल्या नाटकानं पक्की केलेली खलनायकी आणि पुरावे मात्र उशिरा लिहिलेले. ओळखीचं वाटतंय ना? त्या कादंबरीनं कितीतरी इंग्रजांना आपला शालेय इतिहास पुन्हा तपासायला लावला.

आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री मालिका आहे. पहिली कादंबरी ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ २०१८ ची. १९२१ सालची मुंबई, पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा, त्यांच्या इस्टेटीवर डोळा आणि घरातच एक खून. पुरुष पोलिसांना पडद्याआड जाता येत नाही, म्हणून तरुण पारशी वकील परवीन आत जाते. दुसऱ्या कादंबरीत ती सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात जाते, जिथं दोन राण्यांचं लहान राजपुत्राच्या शिक्षणावरून पटत नाही.

परवीन काल्पनिक असली तरी तिच्यामागे खरी माणसं आहेत. त्यांतली एक कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६, गाव नाशिक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली आणि तिथं कायदा शिकणारी पहिली स्त्री ठरली. परत आली तर बाई म्हणून वकिलीची सनद मिळेना. १९०४ पासून तिनं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये सल्लागार म्हणून काम केलं. काम काय, तर पडदानशीन जमीनदार बायकांकडे जायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि ते सरकारपर्यंत पोचवायचं. इस्टेटीसाठी होणारे छळ, लहान वारसांच्या जिवाला असलेला धोका, अंगठा उठवून घेतलेले कागद हे सगळं तिनं आत बसून ऐकलं. कारण दाराबाहेर उभ्या असलेल्या पुरुषाला ते कुणी सांगणारच नव्हतं.

शनिवारवाड्याच्या गोष्टीत नेमकं हे माणूस नाही. त्यात रामशास्त्री बोलतात, राघोबा बोलतात, गारदीसुद्धा पैशांबद्दल बोलतात. आनंदीबाई मात्र फक्त एक अक्षर लिहितात.

खुनाचा तिला लाभ झाला म्हणावा, तर तोही फार टिकला नाही. दादांची पेशवाई काही महिन्यांत गेली. मग पळापळ, धारच्या किल्ल्यात १७७५ च्या जानेवारीत दुसऱ्या बाजीरावाचा जन्म, दादांचा इंग्रजांशी सुरतेचा तह आणि त्यातून पेटलेलं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर दादा कोपरगावला येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. धाकटा चिमाजी त्यांच्या मृत्यूनंतर जन्मला. मुलांसह आनंदीबाई पुण्याच्या कारभाऱ्यांच्या नजरेखाली आधी कोपरगावात आणि मग आनंदवल्लीत राहिल्या. १७९४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी त्यांचा मुलगा बाजीराव पेशवा झाला. ते पाहायला त्या नव्हत्या.

आनंदवल्ली हे नाव आनंदीबाईंवरूनच पडलं असं मानतात. आता ते नाशिक शहरातच आलं आहे. गोदावरीकाठी तिथं नवश्या गणपतीचं देऊळ आहे. राघोबादादा आणि आनंदीबाईंनी मुलासाठी नवस केला, तो फळला आणि हे देऊळ उभं राहिलं, अशी तिथली कथा. चतुर्थीला रांग लागते. नवस बोलणाऱ्या कितीतरी बायका त्या रांगेत असतात आणि तिथं आनंदीबाईंचं नाव निघतं ते मूल व्हावं म्हणून देवाला साकडं घालणारी बाई म्हणून.